सोलापुरात सेवाक्लबसोबत स्वयंसेवक म्हणून काम करताना: पहिल्या चौकशीपासून पाठपुराव्यापर्यंत

शिबिराच्या दिवशी टोकन वाटायला, खुर्च्या मांडायला आणि छायाचित्रात उभे राहायला माणसे पुष्कळ मिळतात. शिबिराच्या आठ दिवस आधी घरोघर जाऊन नावे लिहून घेणारी आणि शिबिर संपल्यावर महिनाभर त्याच घरांकडे पुन्हा जाणारी माणसे मात्र प्रत्येक क्लबला कमी पडतात. सोलापुरातील रोटरी, लायन्स, इनरव्हील, जेसीज किंवा अशाच एखाद्या स्थानिक मंडळासोबत काम करण्याची ज्यांची इच्छा आहे, त्यांनी या दुसऱ्या प्रकारच्या कामासाठी स्वतःला तयार करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढील मार्गदर्शन त्याच हेतूने लिहिले आहे.

क्लबची जातकुळी आणि त्याचे वर्ष

रोटरीची सुरुवात पॉल हॅरिस या वकिलाने २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोत केली. लायन्सची स्थापना त्याच शहरात १९१७ मध्ये मेल्विन जोन्स यांच्या पुढाकाराने झाली, तर महिलांच्या इनरव्हीलची पहिली सभा १० जानेवारी १९२४ रोजी मँचेस्टरमध्ये भरली. जेसीजचे सदस्यत्व १८ ते ४० या वयोगटासाठी असते. तरुणांसाठी रोटरीचे रोटरॅक्ट आणि लायन्सचे लिओ क्लब आहेत, तर १२ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी रोटरीचे इंटरॅक्ट क्लब शाळांमधून चालतात. महाविद्यालयीन विद्यार्थ्याने थेट मोठ्या क्लबकडे न जाता आधी आपल्या महाविद्यालयात रोटरॅक्ट किंवा लिओ क्लब आहे का, हे पाहावे, कारण तेथे वर्गणी कमी असते आणि काम करायला वाव अधिक मिळतो.

प्रत्येक संघटनेचा कामाचा कल तिच्या इतिहासातून घडलेला असतो. अंध आणि बधिर असलेल्या लेखिका हेलन केलर यांनी १९२५ मध्ये लायन्सच्या अधिवेशनात अंधत्वाविरुद्धच्या लढ्यात उतरण्याचे आवाहन केले आणि तेव्हापासून नेत्रसेवा ही लायन्सची ओळख बनली. रोटरीने १९८५ मध्ये पोलिओ निर्मूलनाचे काम जागतिक पातळीवर हाती घेतले. भारतातील पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी आपला देश पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. या मोहिमेतील एक पद्धत प्रत्येक स्वयंसेवकाने लक्षात ठेवावी. डोस देणारे पथक घराच्या भिंतीवर खडूने खूण करीत असे. ज्या घरातील सर्व मुलांना डोस मिळाला त्या घरावर ‘पी’ आणि जेथे एखादे मूल राहून गेले त्या घरावर ‘एक्स’. नंतर ‘एक्स’च्या घरांवर पुन्हा फेरी होत असे. देश पोलिओमुक्त होण्यात लसीइतकाच वाटा या दुसऱ्या फेरीचा आहे.

रोटरी, लायन्स आणि इनरव्हील यांचे वर्ष १ जुलै ते ३० जून असे चालते, तर जेसीजचे जानेवारी ते डिसेंबर. दरवर्षी अध्यक्ष, सचिव आणि कोषाध्यक्ष बदलतात. जून-जुलैत पदग्रहण समारंभांची धांदल असते, म्हणून नव्या माणसाने मे महिन्यात किंवा ऑगस्टमध्ये संपर्क साधणे सोयीचे ठरते. मे महिन्यात पुढील वर्षाचे नियोजन चालू असते आणि त्या वेळी केलेली सूचना वर्षाच्या आराखड्यात बसू शकते.

पहिली भेट आणि विचारायचे प्रश्न

स्वयंसेवक होण्यासाठी सदस्य व्हावे लागत नाही. सदस्यत्व बहुधा एखाद्या सदस्याच्या शिफारशीने मिळते, त्यासाठी प्रवेशशुल्क आणि वार्षिक वर्गणी असते, शिवाय जेवण, अधिवेशने आणि देणग्या यांचा खर्च वेगळा. त्यामुळे आधी निदान सहा महिने बाहेरून काम करावे आणि मगच सदस्यत्वाचा विचार करावा.

ओळखीतील सदस्यामार्फत सचिवांना फोन करून एखाद्या सभेला पाहुणा म्हणून येण्याची परवानगी घ्यावी. सभेत भाषणे ऐकण्यापेक्षा मागील प्रकल्पाचा अहवाल कसा मांडला जातो, याकडे लक्ष द्यावे. ‘दोनशे जणांनी लाभ घेतला’ एवढ्यावर अहवाल संपत असेल, तर त्या दोनशेपैकी किती जणांना पुढील उपचार लागणार होते आणि त्यातील किती जण प्रत्यक्षात रुग्णालयात पोहोचले, हे सभेनंतर नम्रपणे विचारावे. या प्रश्नावर वही उघडून उत्तर देणारा किंवा ‘ती माहिती आमच्याकडे नाही, तुम्ही ते काम घ्याल का?’ असे मोकळेपणाने विचारणारा क्लब निवडावा. प्रश्नाचाच राग येत असेल, तर दुसरा क्लब पाहावा. शहरात पर्याय पुरेसे आहेत.

पैशांचीही चौकशी संकोच न करता करावी. लायन्सच्या नियमांनुसार लोकांकडून सेवेसाठी जमवलेला पैसा लोकसेवेसाठीच वापरावा लागतो आणि सभा, भोजन, छपाई यांचा प्रशासकीय खर्च सदस्यांच्या वर्गणीतून भागवावा लागतो. त्यासाठी दोन वेगळी खाती ठेवली जातात. क्लब कोणताही असो, ही विभागणी पाळली जाते का, सेवाकार्याचा निधी धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी झालेल्या न्यासातून खर्च होतो का आणि वार्षिक हिशेब सदस्यांपुढे मांडला जातो का, हे जाणून घ्यावे. आपल्या हातून देणगीची रक्कम जाणार असेल, तर छापील क्रमांकाच्या पावतीपुस्तकाशिवाय एक रुपयाही स्वीकारू नये आणि रोख रक्कम रात्रभर स्वतःकडे ठेवू नये.

यानंतर आपला वेळ ठरवावा. आठवड्यातील दोन तास वर्षभर देणे हे वर्षातील दहा पूर्ण दिवस देण्यापेक्षा कठीण असते, परंतु क्लबला त्याचाच उपयोग अधिक होतो. सचिवांना ‘जे सांगाल ते करतो’ असे सांगण्याऐवजी ‘शनिवारी संध्याकाळी पाच ते सात मी नक्की येईन आणि फोनवरील पाठपुरावा करीन’ असे नेमके सांगावे.

नेत्रतपासणी शिबिर: शिकण्यासाठी सर्वांत चांगले काम

पहिले काम म्हणून मी नेत्रशिबिर सुचवतो, कारण त्यात सर्वेक्षण, नोंदणी, समजावणे, रुग्णालयाशी समन्वय आणि पाठपुरावा अशा सर्व पायऱ्या येतात. शिबिर शहराच्या पूर्व भागात, विडी घरकुल परिसरात किंवा कुंभारीच्या वसाहतीत असेल, तर तयारी तेथील लोकांच्या दिनक्रमापासून सुरू होते. विडी वळणाऱ्या महिला कारखान्यातून तेंदूपत्ता आणि तंबाखू घरी आणतात, पाने भिजवून आणि कापून विड्या वळतात आणि ठरलेल्या वेळी माल जमा करतात. मजुरी हजार विड्यांमागे मिळते. माल देण्याच्या वेळेला शिबिर ठेवले, तर ज्यांच्यासाठी ते घ्यायचे त्याच येऊ शकत नाहीत आणि दुसऱ्या दिवशी ‘प्रतिसाद कमी मिळाला’ अशी तक्रार होते. यंत्रमागावरील कामगारांच्या पाळ्याही अशाच विचारात घ्याव्या लागतात. म्हणून तारीख ठरवण्यापूर्वी त्या वस्तीतील दोन-तीन महिलांना आणि एखाद्या मुकादमाला प्रत्यक्ष भेटून वेळ विचारावी आणि ती क्लबच्या सोयीपेक्षा वरची मानावी.

भाषेचा विचार तितकाच महत्त्वाचा आहे. सोलापुरात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी घरे शेजारी-शेजारी आहेत आणि पूर्व भागातील वयस्कर महिलांना आजाराविषयी तेलुगूतच मोकळेपणाने बोलता येते. प्रत्येक नोंदणी टेबलावर तेलुगू किंवा कन्नड बोलणारा एक तरी स्वयंसेवक बसवावा. ज्यांना या भाषा येत नाहीत त्यांनी किमान कामापुरते शब्द शिकून घ्यावेत. तेलुगूत डोळ्याला ‘कन्नु’ आणि औषधाला ‘मंदु’ म्हणतात. एवढ्या शब्दांवर संभाषण होत नाही, परंतु समोरची आजी सैल होऊन बसते आणि तिची सून पुढे येऊन बाकीचे सांगते.

नोंदणीच्या टेबलावर होणाऱ्या चुका पुढे महिनाभर त्रास देतात, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने सांगतो. एकाच गल्लीत एकाच नावाच्या आणि आडनावाच्या दोन महिला असणे येथे नेहमीचे आहे. त्यामुळे नावापुढे पतीचे किंवा वडिलांचे नाव, वय आणि घरक्रमांक लिहावाच. फोन क्रमांक विचारल्यावर पुष्कळदा मुलाचा क्रमांक सांगितला जातो आणि तो मुलगा पुण्यात नोकरीला असतो. अशा वेळी शेजारच्या घरातील एक क्रमांकही, त्या शेजाऱ्यांना विचारून, लिहून घ्यावा. क्रमांक लिहिल्यावर तो मोठ्याने वाचून दाखवावा. मधुमेह, रक्तदाब आणि चालू औषधे यांसाठी चिठ्ठीवर वेगळी जागा ठेवावी, कारण मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरलेल्या दिवशी रक्तातील साखर वाढलेली आढळली, तर रुग्णाला परत पाठवले जाते आणि एकदा परत आलेला रुग्ण सहसा पुन्हा जायला तयार होत नाही. शस्त्रक्रियेसाठी निवड झालेल्या प्रत्येकाला तारीख, गाडी सुटण्याची जागा आणि वेळ, सोबत कोणी यायचे आणि आधार कार्ड, शिधापत्रिका यांपैकी काय आणायचे, हे ठळक अक्षरांत लिहून द्यावे आणि तोंडीही सांगावे.

निवड झालेल्यांपैकी काही जण येत नाहीत. त्यामागे भीती असते, घरात सोबत यायला कोणी नसते किंवा आठवडाभराच्या मजुरीचा प्रश्न असतो. ही कारणे फोनवर कळत नाहीत. घरी जाऊन दहा मिनिटे बसावे लागते. ज्या शेजारणीची शस्त्रक्रिया पूर्वी यशस्वी झाली आहे तिला सोबत नेले, तर आपल्या शंभर वाक्यांचे काम ती एका वाक्यात करते.

शस्त्रक्रियेनंतर डोळ्यांत घालायचे थेंब काही आठवडे चालू राहतात आणि तपासणीसाठी ठरलेल्या दिवशी रुग्णालयात जावे लागते. स्वयंसेवकाने तिसऱ्या दिवशी, आठव्या दिवशी आणि महिन्याने प्रत्येकाकडे चौकशी करावी. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी थेंबांच्या बाटलीवर रंगीत चिकटपट्टी लावून कागदावर त्याच रंगाचा सूर्य आणि चंद्र काढून द्यावेत, म्हणजे सकाळची आणि रात्रीची बाटली गोंधळत नाही. डोळा लाल होणे, वेदना वाढणे, चिकट स्राव येणे किंवा दिसणे अचानक कमी होणे यांपैकी काहीही आढळले, तर उद्याची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. औषध सांगणे किंवा बदलणे हे स्वयंसेवकाचे काम नाही, मग तो कितीही अनुभवी असो.

रक्तदान: तारखेचा विचार

सोलापुरात १२ जानेवारीला विशेष स्थान आहे. १९३१ मध्ये याच दिवशी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चार हुतात्म्यांना येरवड्यात फाशी देण्यात आली. अशा स्मृतिदिनांना, जयंत्यांना आणि नेत्यांच्या वाढदिवसांना रक्तदान शिबिरे एकदम भरतात. परंतु साठवलेल्या तांबड्या पेशी साधारण ३५ ते ४२ दिवस टिकतात आणि प्लेटलेट्स केवळ पाच दिवस. जानेवारीत जमलेले रक्त मे महिन्यातील रुग्णाच्या उपयोगी पडत नाही. एप्रिल-मेमध्ये महाविद्यालये बंद असतात, पारा ४२ अंशांच्या पुढे जातो आणि रक्तकेंद्रांत तुटवडा पडतो. म्हणून नव्या स्वयंसेवकाने क्लबच्या सभेत एकच आग्रह धरावा, की वर्षातील निदान एक शिबिर मे महिन्यात, सकाळी सात ते अकरा या वेळेत आणि पंखे-कूलरची सोय असलेल्या सभागृहात घ्यावे.

रक्तदात्याचे वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन किमान १२.५ असावे लागते. दोन रक्तदानांत पुरुषांनी ९० दिवसांचे आणि स्त्रियांनी १२० दिवसांचे अंतर ठेवावे. उपाशीपोटी रक्तदान करता येत नाही, त्यामुळे श्रावणातील सोमवार, एकादशी आणि रमजानचा महिना पाहूनच तारीख ठरवावी. हिमोग्लोबिन कमी आल्यामुळे परत पाठवलेल्या मुली आणि महिला ओशाळून निघून जातात. त्यांची नावे त्यांच्या संमतीने वेगळ्या कागदावर घेऊन त्यांना तपासणीसाठी डॉक्टरांकडे पाठवणे, हेही शिबिराचेच काम समजावे. दात्याला रक्तदानानंतर किमान दहा-पंधरा मिनिटे बसवून ठेवावे. चक्कर आल्यास त्याला आडवे करून पाय उंचावर ठेवावेत आणि भोवतीची गर्दी हटवावी.

वारी, गड्डा आणि झाडे

आषाढी वारीच्या काळात जिल्ह्यात सेवेची मोठी संधी असते. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी माळशिरस तालुक्यात धर्मपुरीजवळ जिल्ह्यात प्रवेश करते, तुकाराम महाराजांची अकलूजला येते आणि शेगावच्या गजानन महाराजांची पालखी सोलापूर शहरातून पंढरपूरकडे जाते. येथे वारकऱ्यांना पायांवरील फोडांची स्वच्छता, पिण्याचे पाणी आणि जलसंजीवनी यांची गरज असते. एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट भरलेले सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण चहाच्या लहान चमच्याने मोजावे आणि फलकावर लिहून ठेवावे. अन्नदान करायचे असेल, तर पत्रावळी आणि पेले उचलणाऱ्यांची यादी वाढणाऱ्यांच्या यादीआधी तयार करावी. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वर यात्रेत, म्हणजे गड्ड्यावर, हरवलेल्या मुलांना मदत करण्याचे काम पोलिसांशी आधी बोलूनच घ्यावे.

वृक्षारोपणाबाबत मला काळजीने सांगायचे आहे. सोलापूर अवर्षणप्रवण आहे. येथे पाऊस कमी आणि तोही बेभरवशाचा. जुलैत लावलेल्या रोपाची खरी परीक्षा फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत होते. पाण्याची जबाबदारी घेणारी जितकी माणसे नावानिशी ठरतील तितकीच रोपे लावावीत, मग ती पंचवीस का असेनात. कडुनिंब, करंज, चिंच, बोर यांसारखी येथे तग धरणारी झाडे निवडावीत. नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या परिसरातील मोकळी माळराने ओसाड दिसतात म्हणून तेथे झाडे लावण्याचा उत्साह टाळावा, कारण माळढोक आणि धाविक हे पक्षी आणि काळवीट यांचे जगणे त्या मोकळ्या गवताळ रानावर अवलंबून आहे. अशा ठिकाणी वनविभागाला विचारल्याशिवाय खड्डाही खणू नये.

सन्मान आणि सुरक्षितता

मदत घेणाऱ्याचे छायाचित्र त्याच्या संमतीशिवाय काढू नये. संमतीसुद्धा वस्तू हातात देण्यापूर्वी मागू नये; वस्तू आधी द्यावी, मग विचारावे आणि नकार मिळाल्यास तो शांतपणे स्वीकारावा. चष्मा, वह्या किंवा शिलाई यंत्र स्वीकारणाऱ्याला व्यासपीठावर रांगेत उभे करण्याची प्रथा मला मनापासून खटकते. ती थांबवायला लावण्याइतका आपला शब्द क्लबमध्ये चालू लागला, की तो अवश्य वापरावा.

शाळांमधील उपक्रमांत कोणत्याही मुलासोबत एकट्याने बंद खोलीत थांबू नये आणि मुलांचे फोन क्रमांक वैयक्तिक संपर्कासाठी घेऊ नयेत. एखाद्या मुलाने छळाविषयी काही सांगितले, तर ते गुप्त ठेवण्याचे वचन देऊ नये. बालकांच्या लैंगिक शोषणाची माहिती पोलिसांना देणे २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार बंधनकारक आहे आणि अडचणीतील बालकांसाठी १०९८ हा मदत क्रमांक चोवीस तास उपलब्ध असतो. वस्तीतील गृहभेटी दोघांनी मिळून कराव्यात आणि त्यांपैकी एक शक्यतो महिला असावी. रुग्णांच्या आजारांची यादी व्हॉट्सॲप गटावर टाकू नये. त्या नोंदींची वही एकाच्याच ताब्यात असावी.

वर्ष संपताना

पदाधिकारी बदलले, की चालू कामे मध्येच सुटतात. नवे अध्यक्ष नवा प्रकल्प घेऊन येतात आणि जुन्या शिबिरातील ज्या आजोबांचा दुसरा डोळा ‘पुढच्या वर्षी’ करायचा ठरला होता, ते वाट पाहत राहतात. यावर उपाय म्हणून मे महिन्यात एक साधी हस्तांतरण वही तयार करावी. तीत अपूर्ण राहिलेल्या प्रत्येक व्यक्तीचे नाव, पत्ता, काय झाले, काय बाकी आहे आणि पुढील तारीख कोणती, एवढेच लिहावे. रुग्णालयातील ज्या परिचारिकेशी किंवा समन्वयकाशी आपला संपर्क होता त्यांचे नाव आणि भेटण्याची वेळ शेवटच्या पानावर नोंदवावी.

ही वही जुन्या आणि नव्या सचिवांच्या एकत्र भेटीत द्यावी, दोघांसमोर एकदा वाचावी आणि शक्य असल्यास नव्या माणसाला घेऊन त्यातील पहिल्या चार-पाच घरी स्वतः जाऊन यावे. आपण त्या वर्षी काम थांबवणार असाल किंवा दुसऱ्या गावी जाणार असाल, तर त्या घरांनाही तसे सांगावे आणि आपल्या जागी येणाऱ्या माणसाचा फोन क्रमांक त्यांच्या चिठ्ठीवर लिहून द्यावा.